कैफियतीचा रकाना

आमच्या साहेबांना गोल आकड्यांचा तिटकारा होता. शेवटी तीन शून्यं असलेली रक्कम दिसली की ते हिरव्या पेन्सिलीनं तिच्याभोवती कडं करत आणि कागद परत पाठवून देत. "हा आकडा कुणीतरी पंख्याखाली बसून जन्माला घातलाय," म्हणत. "खरा आकडा इतका गुळगुळीत नसतो." मग ज्यानं तो आकडा लिहिला असेल त्यानं उठायचं, गोदामात किंवा यार्डात जायचं, वस्तू मोजायची आणि परत यायचं. निम्म्या ऑफिसला ते नकोसे झाले होते.

मी तेव्हा हैदराबादला राज्य सरकारच्या एका कारखान्यात अकाउंटंट होते. शेतीचे पंप बनायचे तिथे. उदारीकरणाची भाषा दिल्लीहून नुकती आमच्यापर्यंत पोचली होती. 'आजारी उद्योग' हे शब्द पेपरात रोज यायचे आणि ते आपल्याबद्दल आहेत असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं. साहेब मुख्य लेखाधिकारी म्हणून आले तेव्हा कारखान्याचे वार्षिक हिशेब चार वर्षं मागे होते. त्याचंही कुणाला काही वाटत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या शाखेला समोर बोलावून विचारलं, "आज कारखाना नफ्यात आहे का तोट्यात?"

मी म्हटलं, "चार वर्षांपूर्वी नफ्यात होता, साहेब."

"चार वर्षांपूर्वीचा ताप आज मोजायलात तुम्ही," ते म्हणाले. "पेशंट जिवंत आहे का, ते तरी बघितलं का?"

पुढची दीड वर्षं आम्ही मागचे हिशेब उपसत होतो. रविवारची सुट्टी गेली. एका टायपिस्ट बाईंना त्यांनी एकच तक्ता सात वेळा करायला लावला, तेव्हा त्या मशीनवर डोकं ठेवून रडल्या. साहेब शेजारी उभे राहिले, त्यांचं रडणं संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "तिसऱ्या ओळीत अजून चूक आहे." माणूस म्हणून ते प्रेमळ होते असं मी कुणाला सांगणार नाही. कुणाच्या लग्नाला गेले नाहीत, कुणाच्या घरी कुणी वारलेलं असलं तरी भेटायला गेले नाहीत. पण शिपायापासून मॅनेजिंग डायरेक्टरपर्यंत सगळ्यांना ते 'तुम्ही' म्हणत. रेकॉर्डरूममधल्या मांजरालाही.

उंच, वाळलेला देह. चष्म्याला सुतळी बांधलेली, कारण गोदामात वाकल्यावर तो पडायचा. पायात कॅनव्हासचे बूट. खिशात किल्ल्यांचा जुडगा, त्यातली एक किल्ली कुठल्याच कुलपाची नव्हती. ती लोखंड खरवडून बघायला होती.

घराणं जुन्या शहरातलं, शाहअलीबंड्याकडचं. तीन पिढ्या सरकारी नोकरीत. वडील निजामाच्या महसूल खात्यात उर्दूत हिशेब लिहायचे. साहेबांचं मराठी त्यामुळे आमच्यासारखंच मिसळीचं. रागावले की दख्खनीत शिरायचे. त्यांचे वडील जो तक्ता भरायचे त्यात शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद असायचा आणि त्याचं नाव 'कैफियत'. आकडा असा का आहे, ते तिथे लिहायचं. गावात वसुली कमी आली तर नुसती कमी रक्कम लिहून चालायचं नाही. पटकी आली, तळं फुटलं, पाटलानं खाल्ले, जे काय असेल ते शेजारी मांडायचं.

"आता बघा," साहेब छापील नमुना माझ्यापुढे धरून म्हणायचे. "शेरा. बोटभर जागा. यात कैफियत मावती का? आकडा एकटा ठेवला की तो कुणाचाही होतो, बाई. कुणीही त्याला उचलून नेतं आणि पाहिजे ते बोलायला लावतं."

रविवारी काम नसलं की ते अफझलगंजच्या मोठ्या लायब्ररीत जाऊन जुने सरकारी अहवाल वाचत बसत. माझे वडील तिथून जवळच एका भांड्यांच्या दुकानात कामाला होते. त्यांनी एकदा साहेबांना फूटपाथवर उभं राहून वहीत काही उतरवून घेताना पाहिलं. घरी येऊन मला म्हणाले, "तुझा साहेब म्हणजे तोच ना, सुतळीवाला? डोक्यानं बरा आहे का?" आम्ही काचीगुड्याला दोन खोल्यांत राहायचो. आजोबा शेती सोडून परभणीकडून आलेले. घरातली पहिली सरकारी नोकरी माझी. वडिलांना साहेबांपेक्षा माझ्या बढतीची काळजी जास्त होती. सहायक लेखाधिकारी होण्यासाठी माझं नाव वर गेलेलं होतं.

कारखान्यात जिची सगळे टिंगल करायचे ती गोष्ट म्हणजे शनिवारचं वाचन. जोडणी विभागात यादगिरी नावाचा फिटर होता. चाळिशीचा, तेलुगूत सातवी शिकलेला. साहेब पहिल्या फेरीवर गेले तेव्हा त्यानं हात पुसत विचारलं होतं, "साब, तुम लोगां इत्ती किताबां लिखते. उसमें हमारा भी कुछ रैता क्या?" साहेबांनी त्याचं नाव विचारून घेतलं. तेव्हापासून दर शनिवारी चार वाजता, पाळी सुटल्यावर, यादगिरी आमच्या शाखेत येऊन स्टुलावर बसायचा. साहेब हिशेबाच्या टिपा, म्हणजे आकड्यांखालचे खुलासे, त्याला दख्खनीत आणि मोडक्या तेलुगूत वाचून दाखवायचे. तो "हौ" म्हणाला की टीप पास. "समझ में नै आया साब," म्हणाला की ती टीप मला परत लिहावी लागायची.

"फिटरला घसारा कळून काय करायचंय?" मी एकदा वैतागून विचारलं.

"त्याला कळला नाही म्हणजे तुम्हालाही कळला नाही," ते म्हणाले. "तुम्ही फक्त शब्द पाठ केलात."

मे महिन्यात त्यांनी मला तयार पंपांचा साठा मोजायला मागच्या यार्डात नेलं. रजिस्टरमध्ये सगळे नवे पंप, पूर्ण किमतीला धरलेले. पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. मी रांगा मोजत गेले, साहेब मागून किल्लीनं खरवडत आले. किल्ली लागेल तिथं लाल भुगा पडत होता. मग त्यांनी एका पंपाचं झाकण काढायला लावलं. आत मोटर नव्हती. दुसऱ्यात नव्हती. तिसऱ्यातही नव्हती. बिघडून परत आलेल्या पंपांना दुरुस्तीसाठी यांच्या मोटरी काढून लावल्या होत्या आणि झाकणं पुन्हा नीट बसवली होती.

स्टोअरचा अधिकारी म्हणाला, "साब, गिनती तो बराबर है ना?"

"गिनती बराबर आहे," साहेब म्हणाले. "पंप नाहीत."

त्या वर्षी आमच्या कारखान्याचा छोटासा नफा जाऊन मोठा तोटा दिसायला लागला. मॅनेजिंग डायरेक्टरनी साहेबांना दोन तास केबिनमध्ये बसवून घेतलं. सरकार आजारी कारखान्यांची यादी करतंय, अशा वेळी तोटा दाखवायचा? साहेबांनी आकडा बदलला नाही. पण तोटा लिहून ते थांबलेही नाहीत. ते पंप यार्डात का पडले, याचा त्यांनी माग काढला. सरकारच्याच एका खात्यानं ते मागवले होते आणि नेलेच नव्हते. आधी जे नेले होते, त्यांचे पैसे वर्षानुवर्षं दिले नव्हते. पगार करायला कारखान्यानं बँकेचं कर्ज काढलं, त्या कर्जावर व्याज चढलं. आणि ते एका वर्षाचं व्याज आमच्या वर्षाच्या तोट्याहून जास्त होतं. हे सगळं त्यांनी टिपेत लिहिलं. दीड पान झालं. शनिवारी यादगिरीला वाचून दाखवलं.

यादगिरीनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाला, "मतलब हमारा पैसा सरकार के पास है. और सरकारच बोल री, तुम्हारे पास पैसा नै, तुम बीमार है."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "हेच लिहा, बाई," मला म्हणाले. "टिपेच्या वर, पहिल्या वाक्यात. भाषा सरकारी करा, पण अर्थ हलवू नका." त्यांना मी हसताना पाहिलं ते त्या दिवशी. यादगिरी पण हसला. आपण बोललेलं पुस्तकात जाणार म्हणून दोन-तीन दिवस तो जोडणी विभागात सांगत फिरत होता.

पावसाळा संपता संपता साहेब चार दिवसांच्या रजेवर गेले. काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, ऑपरेशन होतं. रजेच्या दुसऱ्याच दिवशी मॅनेजिंग डायरेक्टरनी मला बोलावलं. आजारी कारखान्यांच्या समितीला प्रत्येक कारखान्याची माहिती हवी होती, दुपारपर्यंत.

"एक पान," ते म्हणाले. "विक्री, खर्च, तोटा, एकूण साचलेला तोटा, कामगार किती. टिपा नकोत. त्यांना वाचायला वेळ नाही."

मी जागेवर येऊन कागद घेतला. पाच आकडे उतरवायला किती वेळ लागतो? खाली चांगली चार बोटं जागा उरली. तिथे यादगिरीचं वाक्य बसलं असतं. मी पेन टेकवलंसुद्धा. मग वाटलं, नको म्हणून सांगितलंय. आणि आठवडाभरात बढतीची यादी निघायची होती. शिवाय टिपांसकट पूर्ण ताळेबंद सरकारकडे गेलेलाच आहे, ज्याला पाहिजे तो वाचेल, असं मी स्वतःला समजावलं. कोपऱ्यात 'तयार केले' या शब्दांपुढे माझी आद्याक्षरं घातली आणि कागद देऊन आले.

माझी बढती झाली. वडिलांनी दुकानातून स्टीलचा डबा आणला आणि त्यात पेढे भरून गल्लीत वाटले.

तीन महिन्यांनी समितीचा निर्णय आला. कारखाना बंद करायचा, कामगारांना स्वेच्छानिवृत्ती द्यायची. पेपरात बातमी आली, तिच्यात माझे पाचही आकडे होते. दुसरं काही नव्हतं. एवढा तोटा जनतेनं का सोसावा, असं खाली कुणीतरी लिहिलं होतं.

गेटवर नोटीस लागली त्या दिवशी दुपारच्या पाळीचे लोक ऑफिससमोर जमले. मी जिन्यातल्या खिडकीशी उभी होते. कुणीतरी ओरडलं, "लॉस किसने लिखा? उसको बाहर निकालो." मॅनेजिंग डायरेक्टर त्या दिवशी आलेच नव्हते. साहेब कॅनव्हासचे बूट घालून जिना उतरले. माझ्या अगदी जवळून गेले. माझ्याकडे पाहिलं नाही.

"मैंने लिखा," ते खाली जाऊन म्हणाले.

लोक त्यांच्याभोवती गोळा झाले. मारलं नाही कुणी, पण धक्के बसले. चष्मा सुतळीवर लोंबायला लागला. यादगिरी पुढे आला तशी बाकीच्यांनी जागा दिली. तो ओरडला नाही. म्हणाला, "साब, तुम मेरेकू पढके सुनाए थे. सरकार के पास पैसा है, बोलके लिखे थे. वो किधर गया?"

साहेबांनी लोंबणारा चष्मा हातात धरला.

"झूट पढे क्या मेरेकू?"

तरीही ते गप्प राहिले. मला खाली जायला वीस पायऱ्या होत्या. मी गेले नाही. यादगिरी वळून गेटकडे चालू लागला. त्याच्या मागोमाग सगळेच हळूहळू पांगले. साहेब एकटेच अंगणात उभे राहून चष्मा पुसत होते.

नंतर त्यांनी समितीला चार पत्रं पाठवली, प्रत्येकाला ती टीप जोडून. चारही पत्रांची पोच आली. उत्तर एकाचंही आलं नाही. कारखान्याचं शेवटचं वर्ष त्यांनी तितक्याच काटेकोरपणे बंद केलं. ते हिशेब वेळेवर पूर्ण झाले आणि ते मागायला कुणीही आलं नाही.

त्यानंतर ते दिलसुखनगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये अकाउंट्स शिकवायला लागले. तिथे ते फार टिकले नाहीत. मुलं परीक्षेला येणारं विचारायची आणि साहेब फळ्यावर ताळेबंद लिहून दोन तास त्याच्या टिपांवर बोलायचे. क्लासच्या मालकानं हात जोडले. हे मला नंतर कळलं. मी तोवर बेगमपेटला एका खाजगी कंपनीत लागले होते. तिथे माझं चांगलं चाललं होतं. थोडक्यात लिहिते, अशी माझी ख्याती होती.

मी त्यांना भेटायला गेले ते पाच-सहा वर्षांनी. तारनाक्याला, रेल्वेच्या क्वार्टर्सच्या मागे भाड्याच्या घरात ते राहायचे. डोळे जवळजवळ गेले होते. काकू त्यांना पेपरातले कंपन्यांचे निकाल वाचून दाखवत होत्या.

"पुढे?" साहेब म्हणाले.

"पुढे काही नाही. आकडे संपले."

"टीप?"

"टीप छापत नाहीत हो हे लोक," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहून हसल्या. "रोज हेच विचारतेत."

काकू चहा करायला आत गेल्यावर मी सांगून टाकलं. घरून ठरवूनच निघाले होते. ते एक पान मी केलं होतं, जागा होती तरी टीप घातली नाही, बढतीसाठी घातली नाही. सगळं सांगितलं.

ते माझ्या आवाजाच्या दिशेनं मान करून ऐकत होते. म्हणाले, "माहीत आहे. ऑफिस कॉपी मी रजेवरून आलो त्याच दिवशी बघितली. कोपऱ्यात तुमची अक्षरं होती."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत? गेटवर तरी? त्यांनी तुम्हाला..."

"गेटवर त्यांनी काय विचारलं होतं? तोटा कुणी लिहिला. तो मीच लिहिला होता. खरा होता."

"पण यादगिरीनं विचारलं, टीप कुठे गेली."

बाहेरून एक मालगाडी जात होती, ती त्यांनी जाऊ दिली.

"ते उत्तर माझ्याकडे नव्हतं," मग म्हणाले. "ते वर खिडकीत होतं."

मला वाटत होतं, त्यांनी मला पाहिलंच नव्हतं.

"तुम्ही मॅनेजिंग डायरेक्टरकडे दुसरं पान मागितलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"मागायला पाहिजे होतं. मिळालं नसतं. पण मागितलं होतं असं लिहून ठेवता आलं असतं."

मी रडायला लागले. त्यांनी थांबवलं नाही, पूर्वीसारखंच संपू दिलं. मग विचारलं, "यादगिरीला सांगितलंत हे?"

"नाही."

"मग मला कशाला सांगायलात? मला तर माहीतच होतं. ज्याला माहीत नाही त्याला सांगा."

काकू चहा घेऊन आल्या. आम्ही तिघं काकूंच्या ऑपरेशनबद्दल, घराच्या भाड्याबद्दल बोललो. निघताना मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. रागानं नव्हे. दिसत नसल्यामुळे त्यांना वाटलं असेल, माझं काही खाली पडलंय.

त्याच वर्षी हिवाळ्यात ते गेले. अंत्यविधीला कारखान्यातले तिघेच होते, तिघेही अकाउंट्सचे. कामगारांतलं कुणी आलं नाही. ज्यानं खोटं वाचून दाखवलं, आपल्याला बेकार केलं, त्याच्यासाठी कुणी का यावं?

यादगिरी दिलसुखनगरला एका साडीच्या दुकानाच्या दारात असतो. खाकी सदरा, हातात काठी, येणाऱ्या बायकांसाठी दार उघडून धरतो. केस सगळे पांढरे झालेत. मी त्याला दोनदा पाहिलं. पहिल्यांदा बरोबर भाची होती, म्हणून थांबले नाही. दुसऱ्यांदा एकटीच होते. तो मोकळा होता, दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी रस्त्याच्या या बाजूला बराच वेळ उभी राहिले. मग बस आली, तीत चढले.